सोमल सापडला, पण तो आला कुठून? फॉरेन्सिक केमिस्ट्रीतलं संशोधन समजून घेताना

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले आणि नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी ठेवलेलं पपनसाचं सरबत त्यांनी तोंडाला लावलं. दोन-तीन घोटांतच बरं वाटेना, म्हणून उरलेलं त्यांनी खिडकीबाहेर ओतून दिलं. पेला खाली ठेवताना तळाशी गडद गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि नमुना मुंबईला सरकारी केमिकल अ‍ॅनलायझर डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. मुंबईची ही प्रयोगशाळा तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची होती. तिथून निष्कर्ष आला: गाळात सोमल (आर्सेनिक) आहे आणि हिऱ्याची पूडही आहे.

पुढचा इतिहास वडोदऱ्याच्या मराठी घरांत थोडाफार सगळ्यांना माहीत असतो. आरोप बडोद्याच्या मल्हारराव गायकवाड महाराजांवर आला, सहा सभासदांचं कमिशन बसलं. तिघा इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी धरलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. शेवटी सरकारने विषप्रयोगाच्या आरोपाचा आधार न घेता गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना गादीवरून दूर केलं आणि मे महिन्यात सयाजीराव दत्तक आले.

कमिशनपुढचा वाद मुख्यतः पेल्यात काय होतं यावर नव्हता. ते कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या हाताने तिथे आलं, यावर तो होता. ही फट दीडशे वर्षांनंतरही तशीच आहे. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्र दरवर्षी अधिक झटपट आणि अधिक बारकाईने देऊ लागलं आहे. ‘हे इथे कसं आलं, आणि आपण किती खात्रीने बोलतो आहोत?’ यावरचं संशोधन मात्र मागे पडलेलं आहे. फॉरेन्सिक केमिस्ट्रीत, म्हणजे गुन्ह्यांच्या तपासासाठी वापरायच्या रसायनशास्त्रात, आज काय छापून येतं हे समजून घ्यायचं असेल, तर ही दरी डोळ्यांपुढे ठेवून वाचायला हवं.

छापल्याने काय होतं?

त्या काळी सोमलासाठी जेम्स मार्श यांची चाचणी जगभर मानली जात होती. मार्श यांनी ती १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं. सोमल असेल तर आर्सिन वायू सुटतो. तो तापलेल्या काचनळीतून नेला की नळीच्या आतल्या बाजूला काळसर, चकचकीत आरसा धरतो. अगदी थोडा सोमलही त्यात पकडला जायचा.

पद्धत छापली गेली म्हणून ती इतरांनी करून पाहिली, आणि करून पाहिली म्हणून तिच्या खोड्या उघड झाल्या. एक म्हणजे अँटिमनीसुद्धा असाच आरसा देतं. दुसरी खोड फार भयंकर होती. वापरायच्या जस्तात आणि आम्लातच मुळात थोडा सोमल असू शकतो, म्हणजे ज्याच्या अन्नात काहीच नाही त्याच्याही ताटात ‘विष’ सापडेल आणि कोणीतरी हकनाक फासावर जाईल. पहिलीवर तोडगा निघाला: सोमलाचा आरसा हायपोक्लोराइटच्या द्रावणात विरघळतो, अँटिमनीचा विरघळत नाही. दुसरीवरचा तोडगा त्याहून साधा होता. नमुना न घालता तीच चाचणी आधी कोरी करून बघायची. आजही प्रत्येक प्रयोगशाळेत नमुन्याच्या आधी ‘ब्लँक’ चालवतात, त्यामागची काळजी हीच आहे.

शोधनिबंधाचं खरं काम हे आहे. पद्धत चारचौघांत मांडायची, अनोळखी लोकांना ती मोडून बघू द्यायची आणि कुठे मोडते ते लिहून ठेवायचं. पदवीसाठी आणि बढतीसाठीही पेपर लागतात हे खरं, पण ज्या विषयाच्या निष्कर्षावर माणसाची सुटका किंवा शिक्षा ठरते, तिथे ही मोडतोड आधी होणं अत्यावश्यक आहे.

न्यायालयांनीही हे ओळखलं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डॉबर्ट खटल्यात वैज्ञानिक पुराव्यासाठी काही कसोट्या सांगितल्या: पद्धत तपासता येते का, ती इतर तज्ज्ञांच्या नजरेखालून जाऊन प्रसिद्ध झाली आहे का, तिच्या चुकीचं प्रमाण माहीत आहे का, ती चालवण्याचे नियम ठरलेले आहेत का, त्या क्षेत्रात ती मान्य आहे का. आपल्याकडे अशी ठरीव यादी नाही. पण हिमाचल प्रदेश विरुद्ध जयलाल या १९९९ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की निष्कर्ष पडताळून पाहता येतील असे वैज्ञानिक निकष न्यायाधीशांपुढे ठेवणं हे तज्ज्ञाचं काम आहे. निर्णय न्यायाधीशांनी करायचा. मग हे निकष येणार कुठून? छापलेल्या, तपासलेल्या संशोधनातूनच.

५८ चं शिखर

सध्या या क्षेत्रात सर्वात जोमाने काम चालू आहे ते नव्या नशिल्या पदार्थांवर, आणि आपल्या वडोदरा शहराला तो विषय दूरचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात एटीएसने वडोदरा जिल्ह्यात सावली तालुक्यातल्या एका कारखान्यावर छापा घालून २०० किलोहून जास्त मेफेड्रोन पकडलं. बातम्यांत ज्याला ‘एमडी’ म्हणतात तेच हे. भारतात ते २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली आहे.

मेफेड्रोनच्या रेणूत एक बेंझीनचं कडं आहे. त्या कड्याच्या चौथ्या जागेवर एक मिथाइल गट बसलेला असतो. तोच गट तिसऱ्या किंवा दुसऱ्या जागेवर बसवला की वेगळा पदार्थ होतो: ३-एमएमसी, २-एमएमसी. तिघांचं सूत्र एकच आणि रेणूचं वजनही एकच, १७७. आता हे जीसी-एमएस यंत्रात घाला. यंत्राचा पहिला भाग, गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले पदार्थ एकामागून एक सोडवून बाहेर काढतो. दुसरा भाग, मास स्पेक्ट्रोमीटर, प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याचे तुकडे करतो आणि तुकड्यांच्या वजनांचा आलेख काढतो. बहुतेक पदार्थांचा आलेख इतका वेगळा असतो की त्यावरून पदार्थ ओळखता येतो.

या तिघांच्या बाबतीत मात्र आलेखात एकच शिखर उंच उभं असतं: ५८. बाकी सगळं तळाशी खुरटं. कारण रेणू तुटताना विद्युतभार नायट्रोजन असलेल्या छोट्या तुकड्यावर राहतो आणि त्याचं वजन ५८. त्या तुकड्यात बेंझीनचं कडं नसतंच. त्यामुळे कड्यावर मिथाइल कुठे बसला होता, ही नेमकी हवी असलेली माहिती सर्वात मोठ्या शिखरात उरतच नाही. संगणकातल्या ग्रंथालयाशी आलेख जुळवला तर ‘जुळलं’ असं उत्तर येईल, आणि ते चुकीच्या भावंडाशी जुळलेलं असू शकेल.

कायद्याच्या दृष्टीने हा फरक किती मोठा असतो ते नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथे मेफेड्रोनवर बंदी होती, पण ३-एमएमसीवर २०२१ पर्यंत नव्हती. एक मिथाइल एक घर सरकला की गुन्हा आणि गुन्हा नाही, इतकं अंतर.

म्हणून संशोधनाचा मोठा प्रवाह असे आयसोमर, म्हणजे सूत्र एकच पण रचना वेगळी असलेले पदार्थ, वेगळे करण्याकडे वळला आहे. जीसीला इन्फ्रारेड किरणांनी रेणू ओळखणारं यंत्र जोडतात, चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणारं एनएमआर तंत्र वापरतात, तळाशी असलेल्या खुरट्या शिखरांच्या प्रमाणांवर संख्याशास्त्र लावून भावंडं ओळखता येतात का ते बघतात. युरोपची यंत्रणा आज ९०० हून अधिक नव्या पदार्थांवर नजर ठेवून आहे. एकावर बंदी आली की रसायन करणारे रेणू जरासा बदलतात. त्यामुळे ठरावीक यादीतलं शोधण्याऐवजी नमुन्यात जे जे आहे त्याची अतिशय अचूक वजनं नोंदवून ठेवणारी हाय-रेझोल्यूशन यंत्रं महत्त्वाची झाली आहेत. त्यांचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: आज ज्याचं नावही ठाऊक नाही असा पदार्थ दोन वर्षांनी कळला, तर जुन्या नोंदी उघडून तो तेव्हा नमुन्यात होता का हे पुन्हा तपासता येतं. नमुना संपलेला असला तरी नोंद असते. शहराच्या सांडपाण्यातून नशेचा अंदाज घेण्याचं कामही याच घराण्यातलं. इटलीत पो नदीच्या पाण्यातल्या कोकेनच्या अंशांवरचा २००५ चा अभ्यास त्यात गाजला.

चमकणारे ठसे

आता ज्या प्रवाहाबद्दल मला मनापासून काळजी वाटते त्याकडे येतो. बोटांचे ठसे उठवण्यासाठी नॅनो पावडरी, क्वांटम डॉट, कार्बन डॉट अशा प्रकाशात चमकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर भारतातून ढीगभर पेपर निघतात. फळांच्या साली, पानं, दूध, कशाकशापासून कार्बन डॉट बनवतात; अतिनील प्रकाशात निळे-हिरवे ठसे झळकतात; छायाचित्र देखणं येतं. रसायनशास्त्र म्हणून त्यात काही खोटं नाही.

पण पेपरची ‘पद्धत’ ही बाजू नीट वाचा. बहुतेक वेळा ठसा एकाच व्यक्तीचा असतो. ठसा देण्याआधी तिने बोट कपाळावर, नाकावर घासून तेलकट केलेलं असतं. काच स्वच्छ असते आणि ठसा ताजा. गुन्ह्याच्या जागी कोणी नाक चोळून ठसा देत नाही. तिथे ठसा अर्धवट असतो, घामेजलेला, आठवडाभर जुना, प्लॅस्टिकच्या पिशवीवरचा किंवा भिजून वाळलेल्या कागदावरचा.

ठशांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २०१४ मध्ये यासाठी चार टप्पे आखून दिले. आधी थोड्या नमुन्यांवर चाचपणी. मग सुधारणा आणि सध्या चालू असलेल्या पद्धतींशी तुलना. मग खऱ्या वापरातल्या वस्तूंवर पडताळणी. आणि शेवटी प्रत्यक्ष गुन्ह्याच्या मुद्देमालावर वापर. बरेच पेपर पहिल्या टप्प्यावरच थांबतात. पुढचे टप्पे मेहनतीचे आणि कंटाळवाणे. अनेक माणसांचे, अनेक वयांचे, अनेक पृष्ठभागांवरचे ठसे महिनोन्‌महिने जमवायचे, आणि शेवटी ‘जुनीच पद्धत बरी निघाली’ असं लिहावं लागण्याची शक्यता. तसा पेपर छापायला मासिकं नाखूश असतात. पण तपास करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

मोजमाप बरोबर, निष्कर्ष चूक

‘किती खात्रीने?’ हा प्रश्न वेळेवर विचारला नाही तर काय होतं, याचं माझ्या माहितीतलं सर्वात बोलकं उदाहरण बंदुकीच्या गोळ्यांच्या शिशाचं आहे. अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकापासून गोळीच्या शिशातल्या अशुद्धी मोजत. अखेरच्या काळात अँटिमनी, कथील, सोमल, तांबं, बिस्मथ, चांदी आणि कॅडमियम अशी सात मूलद्रव्यं मोजली जात. मृताच्या शरीरातल्या गोळीची ही प्रमाणं आणि आरोपीच्या घरातल्या पेटीतल्या गोळ्यांची प्रमाणं जुळली, की दोन्ही एकाच ठिकाणच्या, अशी साक्ष दिली जायची.

२००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने हे सगळं तपासलं. मोजमापात खोट नव्हती. खोट पुढच्या उडीत होती. एकसारख्या शिशाच्या एका साठ्यातून १२ हजारांपासून साडेतीन कोटींपर्यंत छोट्या गोळ्या निघू शकतात असं दिसलं. मग ‘जुळलं’ याला अर्थ किती उरतो? २००५ मध्ये एफबीआयने ही तपासणीच बंद केली. तोवर कितीतरी जणांवरच्या खटल्यांत ती वापरून झाली होती. कारखान्यातलं शिसं कसं वितळवतात, कसं वाटलं जातं, एकाच गावात एकसारख्या गोळ्या किती विकल्या जातात, हा अभ्यास कोणीतरी पहिल्या दहा वर्षांतच करून छापायला हवा होता.

अमेरिकेतल्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या २००९ च्या अहवालानंतर आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाच्या अहवालानंतर जगभर सूर बदलला. आता ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’ एवढ्यावर न थांबता, फिर्यादीची कहाणी खरी असेल तर हा निष्कर्ष मिळण्याची शक्यता किती आणि बचावाची कहाणी खरी असेल तर किती, यांची तुलना मांडा, असा आग्रह वाढतो आहे. युरोपीय प्रयोगशाळांच्या संघटनेने २०१५ मध्ये त्यासाठी मार्गदर्शिकाच काढली.

कंटाळवाण्या कामातून किती उपयोगाचं हाती लागतं ते नमुना काढण्याच्या गणितात दिसतं. समजा पांढऱ्या पावडरीच्या १,००० सारख्या दिसणाऱ्या पुड्या पकडल्या. सगळ्या तपासायच्या? शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटलं तर एकाच पातेल्यातला भात हवा. पुड्यांमध्ये नुसती साखर भरलेल्याही असू शकतात. इथे संख्याशास्त्र मदतीला येतं. यादृच्छिकपणे निवडलेल्या २८ पुड्या तपासल्या आणि सगळ्यांत अमली पदार्थ निघाला, तर ‘किमान ९० टक्के पुड्यांत तो आहे’ असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. पुड्या १०० च असतील तर २३ लागतात. दहापट माल, पण नमुने फक्त पाच जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने आणि युरोपीय संघटनेने याचे तक्तेच छापले आहेत. यात ना नवं यंत्र, ना रंगीत छायाचित्र. तरी रोजच्या कामाला याच्याइतका आधार देणारं लिखाण थोडंच असेल.

लेझर प्रकाशाने पदार्थ ओळखणारी, हातात धरायची रामन यंत्रं, नमुना तयार न करता थेट हवेत तपासणारी डार्टसारखी तंत्रं, आलेख वाचायला मशीन लर्निंग, हे विषयही भराभर वाढत आहेत. प्रश्न तेच: किती वेगवेगळ्या नमुन्यांवर शिकवलं, आणि न बघितलेल्या नमुन्यावर चुकतं किती?

मासिकं, पैसे आणि वेळ

हे संशोधक छापतात कुठे? ‘जर्नल ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस’ १९५६ पासून चालू आहे. ‘फॉरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल’, ‘सायन्स अँड जस्टिस’, विषांसाठी ‘जर्नल ऑफ अ‍ॅनॅलिटिकल टॉक्सिकॉलॉजी’, आणि या विषयाला वाहिलेलं ‘फॉरेन्सिक केमिस्ट्री’, जे २०१६ मध्ये निघालं. यातलं बरंचसं वाचायला वर्गणी लागते, आणि सर्वांना मोफत वाचता यावं असं वाटलं तर अनेकदा लेखकालाच मोठी फी भरावी लागते.

दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी मासिकं आहेत. त्यांना आवर घालायला यूजीसीने २०१९ मध्ये मान्य मासिकांची ‘केअर’ यादी आणली होती; २०२५ च्या फेब्रुवारीत ती बंद झाली आणि पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली. इतर विषयांत असला पेपर फार तर वाया जातो. इथे तो उद्या कोणाच्या तरी साक्षीत आधार म्हणून उभा राहू शकतो, म्हणून मला तो जास्त टोचतो.

वाचण्याची सोय मात्र खरोखर सुधारली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० मासिकं. सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांना ती मिळतात. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला एम.एस्सी.चा विद्यार्थी आज जे वाचू शकतो ते आमच्या वेळी पत्र लिहून लेखकाकडून मागवावं लागे.

पण लिहायचं कोणी? ज्यांच्या हाताखालून खरे नमुने जातात त्या एफएसएलमधल्या (सरकारी फॉरेन्सिक प्रयोगशाळांमधल्या) लोकांना लिहायला वेळ नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक होत आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. काम वाढणारच. आणि ज्यांना लिहायला वेळ आहे त्या महाविद्यालयांकडे खरे नमुने नाहीत. म्हणून ते नाक चोळलेल्या ठशावर काम करतात. मूळ अडचण ही आहे. गांधीनगरला २००९ च्या सुमारास गुजरातचं फॉरेन्सिक विद्यापीठ उभं राहिलं आणि २०२० मध्ये ते राष्ट्रीय विद्यापीठ झालं. गुजरातची मुख्य एफएसएलही त्याच गावात. ही दोन जगं तिथे इतकी जवळ आहेत, याकडे मी आशेने बघतो.

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडचे पालक मला विचारतात, “सर, मुलीला फॉरेन्सिकला घालू का?” जरूर घाला. पण प्रकल्प निवडताना तिला सांगा, नव्या पावडरीच्या मागे लागू नकोस. वडोदऱ्यात करण्यासारखं पुष्कळ आहे. बाजारात फिरणाऱ्या नोटांवर, सिटी बसच्या दांड्यांवर अमली पदार्थांचा अंश एरवीही सापडतो का, आणि किती? हे माहीत नसेल तर कोणाच्या खिशातल्या नोटेवर अंश सापडला याला वजन किती द्यायचं हे कोणी सांगू शकत नाही. लठ्ठ्याने, म्हणजे मिथेनॉल असलेल्या विषारी दारूने, १९८९ मध्ये याच शहरात शंभराहून जास्त माणसं मारली. आपल्या उन्हाळ्यात, उघड्या बाटलीत राहिलेल्या नमुन्यातलं मिथेनॉल किती दिवसांत किती उडून जातं, हे मोजायला महाविद्यालयातला साधा गॅस क्रोमॅटोग्राफ पुरतो. नमुने भरपूर घ्यायचे, ब्लँक चालवायचा, काही सापडलं नाही तर तेही आकड्यांसकट लिहायचं, आणि मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवायचं की उत्तर ‘नाही’ आलं तरी आपण ते छापायला पाठवणार आहोत.